पाचवा पडदा

पडदा शून्य : घर, इचलकरंजी

पोह्यांची बशी पुढे करताना प्रणोती कबाडे आणखी चार ठिकाणी होती.

शिरोळ, हातकणंगले, कुरुंदवाड, वडगाव. चारही गावांत वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत एकेक पडदा टांगलेला होता आणि प्रत्येक पडद्यावर तिचा चेहरा होता. ही आधी चित्रित केलेली फीत नव्हती, की यंत्रानं घेतलेलं माणसाचं सोंग नव्हतं. खरीखुरी प्रणोती त्या क्षणी चार ठिकाणी चार माणसांच्या शिव्या ऐकत होती आणि चौघांना चार वेगळी उत्तरं देत होती. उरलेली प्रणोती, म्हणजे तिचं अंग, डोळे, हात आणि निळी साडी, घरात होती आणि मुलाच्या मामांना विचारत होती, "लिंबू पिळू का?"

मामा निपाणीचे. आधी समोरच्याचं घर नजरेनं मोजायचे, मग तोंड उघडायचे.

"चार गावांत चेहरा टांगलाय म्हणे पोरीचा," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही बघायला यायच्या आधी निम्म्या जिल्ह्यानं बघून झालंय. उरलीसुरली आमच्या वाट्याला, काय?"

मुलाच्या आईनं पदराआड हसून घेतलं. मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिला.

प्रणोतीची आई, मालन, आतल्या दारात उभी होती. पणू लहानपणापासून तिखट. मास्तर वर्गातल्या एका मुलीला काळी म्हणाले म्हणून त्यांच्या अंगावर डस्टर भिरकावून शाळेतून निघून आलेली पोर. आता मामांच्या पांढऱ्या धोतरावर पोहे सांडणार, स्थळ हातचं जाणार. जाऊ दे की, मालन मनात म्हणाली. सांड, पणू. सगळी बशी सांड.

प्रणोती हसली.

"आपलं बरोबर आहे," ती म्हणाली. "चहात साखर किती घेता?"

पडदा तीन : कुरुंदवाड

"साखर नको, लाईट दे!" खिडकीबाहेरचा म्हातारा ओरडला, कारण चुकून एका पडद्यावरचं वाक्य दुसऱ्यावर सांडलं होतं. असं क्वचित व्हायचं. "माझ्या बायकोचं श्वासाचं यंत्र रोज बंद पडतंय. ती मेली तर तुझा फोटो लावू का घरात? माणूस आहेस का दगड?"

"आपलं बरोबर आहे," प्रणोती म्हणाली. "आपली तक्रार नोंदवली आहे."

पडदा चार : वडगाव

हिरव्या शर्टाचा माणूस आजही आला होता. त्याची तक्रार कधीच नसायची. तो काचेला तोंड लावून जे बोलायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"आपली तक्रार नोंदवली आहे," प्रणोती म्हणाली.

पडदा पाच

(काही दिसत नाही.)

पडदा शून्य : घर

पाहुणे गेले. मालननं दार लावलं आणि ती लेकीसमोर उभी राहिली.

"काय बोलला तो मेला, ऐकलंस न्हवं?"

"हो आई."

"मग?"

"मग काय?"

"राग आला की न्हाई तुला?"

प्रणोती विचार करतेय असं वाटलं. पण तो विचार नव्हता, थांबणं होतं. रस्ता संपल्यावर गाडी थांबते तसं.

"बशा घासू का?" तिनं विचारलं.

मालननं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. हात पडल्यावर तिचे स्वतःचे डोळे भरून आले. पोरगी आता तरी फिरून काहीतरी बोलेल, बशी फोडेल, "हात लावायचा नाही" म्हणेल, एवढीच तिची इच्छा होती.

गालावर बोटं उमटली होती. त्या गालानं प्रणोती हसली.

"चहा ठेवू का तुला?" ती म्हणाली.

पडदा पाच

(काही दिसत नाही. पडदा चालू आहे.)



प्रणोती ज्या ‘चतुर्मुख’ योजनेत होती ती म्हणजे काय, ते आता सांगायला हवं.

पूर्वी टेबलावर लॅपटॉप असायचे. त्याचा एक पडदा कामाला अपुरा पडू लागला, की माणसं शेजारी दुसरा मॉनिटर ठेवून जोडायची, मग तिसरा. जोडल्याबरोबर लॅपटॉप विचारायचा: सगळीकडे एकच चित्र दाखवू, की एक चित्र सगळीकडे पसरू? पहिल्याला नक्कल म्हणत, दुसऱ्याला विस्तार.

सांगलीच्या एका प्रयोगशाळेत हाच प्रश्न माणसाच्या मेंदूला विचारला गेला.

नक्कल आधी जमली, पण ती कुचकामी निघाली. चार खिडक्यांतले चार चेहरे एका वेळी एकच वाक्य बोलायचे. मग विस्तार जमला. एकच मन चार पडद्यांवर पसरलं आणि प्रत्येक पडद्यावर वेगळं काम करू लागलं. उजव्या कानामागे हाडात बोटभर लांबीची पट्टी बसवायची, पट्टीत तांदळाच्या दाण्याएवढ्या खुंट्या, आणि एकेका खुंटीला दूरच्या गावातला एकेक पडदा. तार नाही. दुखत नाही. चौघांचा पगार द्यायला नको, चौघांच्या रजा नकोत, चौघांना लागणारा संडास नको. कंपनीनं या योजनेला ब्रह्मदेवाचं नाव दिलं आणि पत्रकावर कमळ छापलं.

मेंदूची चित्र काढायची ताकद मात्र ठरलेलीच असते. ती पाच जागी वाटली, की कुठंतरी कमी पडणारच. कंपनी आपल्या चार जागी कमी पडू देत नव्हती. सगळी तूट घरच्या पडद्यावर, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या अंगावर निघायची. पोरं घरी चालत, बोलत, भाजी निवडत, पण सांगितल्याशिवाय जेवत नसत. लोक त्याला ‘फिकं होणं’ म्हणत. "आमचा थोरला जरा फिका झालाय," एखादी बाई नळावर सांगायची, आणि दुसरी म्हणायची, "होतं गं. कामाचा ताण."

मग मालनला कळायला चार वर्षं का लागली?

कारण तिचं सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं होतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारी उभ्या बाईचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथं कामगार बायकांची एक रीत होती. मालक फेरीवर आला की त्याच्याकडे बघून गोड हसायचं, आणि हसता हसता, ओठ न हलवता, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्याला ऐकू जात नसे. पण स्वतःला ऐकू यायचं, आणि शेजारणीला डोळ्यांतून कळायचं. मालन त्यात पटाईत होती. म्हणून लेक घरी बसल्या बसल्या, पडद्यापलीकडच्या कुणाकडे तरी गोड हसताना दिसली, की तिला वाटायचं, आपलीच पोर! आत शिव्यांचा पट्टा चालू असणार.

चार वर्षं ती त्या हसण्यावर खूश होती.

पडदा शून्य : घर

थोबाडीत मारली त्याच दुपारी मगदूमचा फोन आला. मगदूम म्हणजे कंपनीचा इथला प्रमुख. कधीकाळी मालनच्याच गल्लीत पतंग उडवत वाढलेला.

"प्रणोतीबाई, अभिनंदन. पुढच्या सोमवारपासून षण्मुख. सहा पडदे. जयसिंगपूर आणि हुपरी जोडतोय."

"चालेल," प्रणोती म्हणाली.

मालननं तिच्या हातातून फोन ओढला. "काय चालेल? आहे तेवढ्यातच पोरगी उरली न्हाई माझी. सहा कशाला जोडतोस?"

"मावशी, तुम्हीच असं म्हणायचं?" मगदूम हसला. "तुम्ही एकट्या सहा माग सांभाळायचा की! अख्खी गल्ली नाव काढायची. तुमच्या पोरीला सहा पडदे जड झाले?"

"मी सहा माग चालवायचे, मगदूम, ते तुझ्यासारख्या मालकाला दिवसभर शिव्या घालून चालवायचे. त्या जोरावर चालायचे ते. माझ्या पोरीचा जोर कुठं ठेवलाय तुम्ही? तेवढं सांग."

"ते तांत्रिक आहे. परवा सांगलीला डॉक्टर शेवडे पालकांना भेटतात. तिकडं जा." फोन बंद झाला.

सांगली : प्रयोगशाळा

डॉ. मैथिली शेवडे यांनी चतुर्मुखचा शोध लावला होता. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आवाज रेडिओवरच्या निवेदिकेसारखा. मालन मोठ्यानं बोलते, हे त्यांना खटकलं नाही. काहीच खटकलं नाही.

"माझ्या पोरीला राग येत न्हाई," मालन म्हणाली.

"येतो," डॉक्टर म्हणाल्या. "दिसत नाही. दाखवते."

टेबलावर जुना लॅपटॉप होता. त्याला डाव्या-उजव्या बाजूला दोन मॉनिटर जोडलेले. डॉक्टरांनी माऊस हलवला. बाण लॅपटॉपवरून निघाला, कडेपर्यंत गेला आणि शेजारच्या मॉनिटरवर उमटला.

"हा विस्तार. पडदे तीन, पण लॅपटॉपला ते एकच लांब अंगण वाटतं. आता बघा." त्यांनी एक फाईल उघडली. ती उजव्या मॉनिटरवर उघडली. "नवीन काहीही उघडलं की ते कुठं दिसावं, हे आधी ठरवून द्यावं लागतं. त्या जागेला मुख्य पडदा म्हणतात. बाकीच्या पडद्यांवर आधीचं काम चालू राहतं, नवीन काही तिथं आपणहून उघडत नाही. मेंदूचंही तसंच निघालं. शंका, भूक, हसू, राग, या सगळ्या नव्यानं उघडणाऱ्या गोष्टी आहेत. त्या मुख्य पडद्यावरच उघडतात."

"मग पणूचा मुख्य पडदा कुठला? शिरोळचा?"

"सुरुवातीला तसंच केलं होतं. पण तिथं लोकांनी शिव्या दिल्या की कर्मचारी उलट बोलायचे." डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक चिमुकली गोष्ट काढली. पेनाच्या टोपणाएवढी, राखाडी. "ही कोरी खुंटी. हिच्या पलीकडे काही नसतं. पण ही लावली की लॅपटॉपला वाटतं, आणखी एक मॉनिटर जोडलाय."

त्यांनी ती लॅपटॉपच्या कडेला खुपसली, सेटिंग बदललं आणि पुन्हा एक फाईल उघडली. तिन्ही पडद्यांवर काहीच झालं नाही.

"उघडली न्हाई," मालन म्हणाली.

"उघडली."

"कुठंय मग?"

"इथं, उजवीकडे." डॉक्टरांनी मॉनिटरच्या पलीकडे, भिंतीसमोरच्या रिकाम्या हवेत बोट दाखवलं. "चालू आहे. जागा खाते आहे. फक्त तिथं पडदा नाही."

मालन त्या हवेकडे बघत राहिली. मग हळू, तिच्या मानानं फारच हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ती पोरगी शिव्या घालतेय. चार वर्षं. आणि तिच्या तिला ऐकू येईनात."

"बरोबर समजलात."

"कीर्तनात ऐकलं होतं मी. ब्रह्मदेवाला आधी पाच तोंडं होती. पाचवं उर्मट बोलायचं, म्हणून शंकरानं ते खुडलं. त्यानं निदान खुडलं, बाई! तुम्ही जितं ठेवून भिंतीत चिणलंत."

"खुडून पाहिलं होतं. राग कापला की कामाचा वेगही जातो. तो असावा लागतो, मागे कुठेतरी. तुमचे मागही रागाच्या जोरावर चालायचे, असं तुम्ही सांगितल्याचं मगदूमसाहेबांनी मला लिहिलंय."

"उपटली तर? ती खुंटी?"

कुठलाही शहाणा माणूस इथे सावध झाला असता. डॉक्टर झाल्या नाहीत. त्यांनी एकामागून एक फाईली उघडल्या, पन्नास-साठ असतील, सगळ्या त्या रिकाम्या हवेत. मग खुंटी काढली.

लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर सगळं एकदम कोसळलं. एकावर एक, एकाआडून एक, शेवटी उघडलेली सर्वांत वर, पहिली तळाशी. पंखा घरघरला. बाण जागच्या जागी गोठला.

"पडदा नाहीसा झाला की त्याच्यावरचं सगळं घरी परत येतं," डॉक्टर म्हणाल्या. "झाकण उघडं असेल तर लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर. झाकण मिटलेलं असेल तर जोडलेल्या पहिल्या मॉनिटरवर."

"झाकण म्हणजे?"

"माणसाचे डोळे."

त्यांनी बटण दाबून लॅपटॉप बंद केला, परत चालू केला. "माणसाला हे बटण नसतं."

"कुणाची काढून बघितलीय?"

"दोघांची. एक मुलगा. खूप ओरडला, मग रडला, मग जेवला. आता रागीट आहे, पण बरा आहे."

"आणि दुसरं?"

"दुसरी अजून ओरडते आहे."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती लवकर सुरू होईना. मालन उठली.

"तुम्हाला रात्री झोप कशी लागते, बाई?"

"चांगली लागते." डॉक्टरांनी केस कानामागे सारले. पट्टी. खुंट्या. सगळ्यात खालची राखाडी. "पहिली मीच बसवून घेतली. मला या कामाचा फार राग यायचा. काम पुढे जाईना."

"थू तुमच्या शोधावर," मालन म्हणाली, आणि खरंच थुंकली. त्या स्वच्छ फरशीवर.

"आपलं बरोबर आहे," डॉ. शेवडे म्हणाल्या, आणि हसल्या.

पडदा एक : शिरोळ

"आपली तक्रार

पडदा दोन : हातकणंगले

नोंदवली

पडदा चार : वडगाव

आहे."

पडदा शून्य : घर

मालन परत आली तेव्हा प्रणोती खिडकीजवळ खुर्चीत बसून गवार मोडत होती. दुपारचं ऊन तिच्या कानामागे पडलं होतं. राखाडी खुंटी दिसत होती. चार वर्षं मालननं तिथं तेल लावलं होतं.

"पणू, ही काढू का मी?"

"चालेल आई."

"दुखेल. वेड लागेल कदाचित."

"चालेल."

"मग नको काढू?"

"चालेल."

मालननं कपाळावर हात मारून घेतला. विचारणार कुणाला? हो म्हणायला मन लागतं, नाही म्हणायलाही लागतं, आणि ते मन भिंतीपलीकडच्या हवेत उघडत होतं. तिथं या क्षणी हो होतं की नाही, ते लेकीलाही ठाऊक नव्हतं. ठरवायचं ते मालननं एकटीनं. आणि सोमवारी आणखी दोन पडदे जोडले, की घरच्या वाट्याला एवढीही उरणार नव्हती. मग गवारसुद्धा कुणी मोडणार नव्हतं.

एक गोष्ट तिला फार मोहाची वाटली. लेकीचे डोळे हातानं मिटायचे आणि मग खुंटी उपटायची. चार वर्षांचा सगळा जाळ कंपनीच्या पडद्यावर, शिरोळच्या खिडकीत फुटेल. फुटू दे! तिनं हात पुढे केलासुद्धा.

मग तिला खिडकीबाहेर कोण उभं असतं ते आठवलं. लाईट गेलेली माणसं. श्वासाचं यंत्र बंद पडलेली माणसं. मगदूम कधी रांगेत उभा राहत नाही. निपाणीचे मामा राहत नाहीत. तो जाळ कुणावर पडला असता, तर तिच्यासारख्याच एखाद्या बाईवर.

राग ज्याच्यावर, त्याच्यापर्यंत न्यायची वाटच कुणी ठेवली नव्हती.

"डोळे उघड, पणू. माझ्याकडं बघ," मालन म्हणाली. "माझ्यावर सांड."

प्रणोतीनं बघितलं. मालननं नखानं खुंटी धरली आणि ओढली.

पडदा पाच

सहा पडदे? मला विचारलं का? मगदूम, तुझ्या आयला, तुझ्या बायकोला लाव, तुला लाव, तुझ्या

हात का लावलास! माझ्या गालाला हात का लावलास तू, आई, आजवर कधी

उरलीसुरली? उरलीसुरली कोण? ऊठ! ऊठ माझ्या घरातनं, म्हाताऱ्या, ती बशी खाली ठेव आणि

तो म्हातारा! त्याची बायको! कुणी गेलं का तिकडं? मी नोंदवते, नोंदवते, ते कुठं जातं? कुठंच जात नाही! मला माहीत होतं कुठंच जात नाही, आणि मी रोज

हिरवा शर्ट हिरवा शर्ट हिरवा शर्ट, काच फोडा कुणीतरी, माझा हात पोचत नाही, कुणीतरी त्याला

(मध्येच ती हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फार पूर्वी हातकणंगल्यात एका बाईनं डास आणि मीटरवाल्यावर काहीतरी विनोद केला होता. तो आत्ता पोचला.)

भूक लागलीय. भूक लागलीय. भूक लागलीय.

माझे केस कुणी कापले इथले

तुला कळलं नाही? तू आई ना माझी? रोज तेल लावत होतीस तिथं! रोज! मी हसत होते आणि तू त्यावर खूश होतीस! मी हसत नव्हते, आई, ते हसू नव्हतं

चारही गावांत तिचा चेहरा हसता हसता गोठला होता. रांगेतली माणसं काचेवर टकटक करत होती. घरात गवार जमिनीवर सांडली होती, कपाट उलथलं होतं, मालनच्या दंडावर पाच नखांच्या रेघा होत्या, आणि तिनं लेकीला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. निपाणीच्या मामांच्या वाट्याचं तिनं ऐकून घेतलं. मगदूमचं ऐकून घेतलं. हिरव्या शर्टाचं ऐकताना तिनं डोळे मिटले. ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यातलं एकही माणूस घरात नव्हतं. तिच्या तोंडून नकळत निघून गेलं, "बरोबर आहे गं तुझं, बरोबर आहे."

"तसं म्हणू नकोस!" प्रणोती किंचाळली. "ते वाक्य माझ्यासमोर परत बोलायचं नाही!"

हा राग मात्र ढिगातला नव्हता. नवा होता. तो आत्ता, इथंच, या घरात उघडला होता. मालनच्या ते ध्यानात आलं आणि ती हुंदका देऊन हसली.

अंधारून यायला लागलं तेव्हा ढीग तळाला आला. प्रणोतीचा आवाज फुटला होता. शेवटची, म्हणजे सगळ्यात पहिली फाईल उघडली. कंपनीच्या दवाखान्यातली पांढरी खुर्ची, कानामागे गार बोळा, आणि खुंटी बसता बसता, अर्ध्या क्षणात, उघडून नाहीशी झालेली एक गोष्ट. त्यात शिवी नव्हती.

"थांबा," ती पुटपुटली. "ही पाचवी कसली आहे? मला आधी विचारा की."

मग म्हणाली, "आई, भात आहे?"

पडदा शून्य : दार

दारावर टकटक झाली. शेजारच्या मुल्लांची समीना उभी होती. पंचविशीची, ओढणी नीट डोक्यावर. एका बँकेच्या चार शाखांत तिचा चेहरा होता.

"मावशी, अब्बांनी पाठवलंय. कसला आवाज येतोय, विचारून ये म्हणाले."

आत कपाट उलथलेलं, केस सुटलेली प्रणोती जमिनीवर बसून हातानं भात खातेय, मालनच्या दंडातून रक्त येतंय. समीनानं ते सगळं बघितलं.

"छान," ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि हसली.

मालन तिच्याकडे बघत राहिली. समीना सात वर्षांची असताना तिनं या गल्लीत सायकल चालवणाऱ्या पोरांना दगड मारून पळवलं होतं, सायकल मिळेना म्हणून. मालनच्या मुठीत ती उपटलेली खुंटी अजून गरम होती. गल्लीत दिवे लागले होते. प्रत्येक उंबऱ्यावर एखादं पोर उभं होतं, आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू.

"इकडं ये गं, बाळ," मालन म्हणाली. तिनं समीनाची ओढणी मागं सारली. कानामागे बोट नेलं. पट्टी सापडली.

"आई, थांब." प्रणोती उठली होती. घासलेल्या, फाटक्या आवाजात म्हणाली, "तिला आधी विचार."

"विचारून काय? चालेलच म्हणणार ती."

"तरी विचार."

"आणि चालेल म्हणाली, तर ते हो धरू, का नाही धरू? सांग की."

प्रणोतीनं उलथलेल्या कपाटाला लाथ घातली. राग कुणावर काढावा ते तिला कळेना.

मालननं नख खुंटीखाली सरकवलं आणि विचारलं, "समीना, काढू का गं?"

"चालेल, मावशी," समीना म्हणाली. तिनं आपल्याच हातानं केस बाजूला घेतले आणि मान पुढे केली.

पडदा पाच : समीना

(काही दिसत नाही. पडदा चालू आहे.)